सिनाचं हिरवं घमेलं

ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशात ते बेट सापडेना, तेव्हा आमच्या साहेबांनी प्रशांत महासागरात खुपसलेली एक टाचणी उपटली. बेट टाचणीखाली होतं.

"इथे पाण्याची लाइन टाकायची आहे," ते म्हणाले. "दहा महिने. अमेरिकाच आहे, काळजी नको."

यात खोटं काही नव्हतं. अमेरिकन सामोआवर झेंडा आपला, टपालाची तिकिटं आपली, डॉलर आपला. (हे 'आपलं' म्हणजे नक्की कुणाचं, हा प्रश्न मी न्यू जर्सीत पंधरा वर्षं यशस्वीपणे टाळला आहे.) ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मुलगा नुकताच कॉलेजच्या होस्टेलवर गेला होता आणि वेस्ट विंडसरच्या घरात मी आणि प्रमिला एकमेकांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगत बसायचो. शनिवारच्या जेवणात मित्रांना बातमी सांगितली. सगळे एका सुरात ओरडले, "हवाई? मजा आहे यार तुझी!" हवाईच्या पुढे आणखी साडेपाच तास विमानात बसायचं, हे मी सांगेपर्यंत मंडळी श्रीखंडाकडे वळली होती.

आता परत आल्यावर तीच मंडळी विचारतात, "तिथे बघण्यासारखं काय आहे रे?" मी म्हणतो, आमच्या समोरचं घर.

खाडीवर

ते साडेपाच तास मी झोपलो, त्यामुळे त्यांचं वर्णन नाही. विमानाचं दार उघडलं आणि पुरणाच्या डाळीच्या कुकरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. तिच्यामागून वास. बंदराशी ट्यूना मासा डब्यात भरण्याचे कारखाने आहेत. गावात दोन प्रकारचे लोक भेटतात: एक म्हणतात, "काय हा वास!" आणि दुसरे म्हणतात, "कुठला वास?" तीन आठवड्यांत आम्ही दुसऱ्या प्रकारात गेलो.

डोंगर थेट समुद्रातून उठलेले, नखशिखांत हिरवे. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यावर एक रस्ता, चर्च, दुकान आणि माणसं कशीबशी मावलेली. पाऊस असा की टिनाच्या छपराखाली नवराबायकोला भांडताही येत नाही. शब्दच पोहोचत नाहीत. डोक्यावर एवढं पाणी कोसळत असताना नळाला पाणी नाही, म्हणून मला बोलावलेलं. नागपूरच्या माणसाला त्या नळाच्या कोरड्या फुरफुरीनं घरी आल्यासारखं वाटलं.

कंपनीनं दिलेलं आमचं घर चार भिंतींचं होतं. रस्त्यापलीकडच्या घराला भिंती नव्हत्या. लंबगोल चौथरा, भोवती खांब, वर छप्पर, बस्स. त्यामुळे समोर ताविता नावाचा बंदरावरच्या टगबोटीचा खलाशी किती वाजता उठतो, त्याची बायको सिना कुणाला काय बोलते, हे आम्हाला दिसायचं. आणि आम्ही भिंती असूनही त्यांना दिसायचो, कारण उकाड्यानं दारंखिडक्या सताड उघड्या.

पहिल्याच संध्याकाळी मी डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे भरभर चालायला निघालो. कुठेतरी घंटा वाजली. खांबाला टांगलेला गॅसचा रिकामा सिलिंडर लोखंडी दांड्यानं बडवत होते. मी मनात त्या देशी जुगाडाचं कौतुक करत वेग वाढवला. शंभर पावलांवर चार धिप्पाड पुरुष रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे. सगळ्यांनी कमरेला लुंगी गुंडाळलेली. तिला तिथे लावालावा म्हणतात. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही. मी "गुड ईव्हनिंग" म्हणालो. त्यातला एक अगदी हळू म्हणाला, "बसा."

"कुठे?"

"जिथे आहात तिथे."

मी रस्त्यातच बसलो. पंधरा मिनिटं. घराघरातून प्रार्थनेची गाणी येत होती, आणि इतकं सुरेल गाणं मी आयुष्यात इतक्या ओल्या जागेवर बसून ऐकलेलं नाही. पुन्हा घंटा झाली तसे ते चौघे हसले आणि एकानं मला हात देऊन उठवलं. तो ताविता होता. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी गावात कुणी हिंडायचं नाही, एवढाच नियम. "आमच्याकडे दिवेलागणीला आजी असंच घरात बसवायची," मी म्हणालो. तो म्हणाला, "मग तुम्हाला माहीत होतं."

त्या रात्रीच्या जेवणाआधी सिना दारात उभी. हातात हिरवं प्लॅस्टिकचं घमेलं, वर केळीचं पान झाकलेलं.

रिकामं द्यायचं नसते

घमेल्यात भाजलेला नीरफणस आणि पानांच्या पुरचुंड्या होत्या. प्रमिलानं एक पुरचुंडी उलगडली आणि अकोल्यातल्या माहेरचं कुणी भेटल्यासारखी ओरडली, "अहो, हा तर धोपा आहे!"

धोपा म्हणजे अळू. पुण्यामुंबईच्या वाचकांनी मनातल्या मनात दुरुस्ती करून घ्यावी. सामोअन लोक अळूची कोवळी पानं नारळाच्या घट्ट दुधात भरून, तापल्या दगडांवर भाजतात. प्रमिला डोळे मिटून खात राहिली. मग घमेलं घासलं, पुसलं, आणि मी ते द्यायला निघालो तर दारात आडवी आली.

"काय करून राहिले तुम्ही? रिकामं भांडं परत द्यायचं नसते."

"मग चिमूटभर साखर टाक."

"एवढ्या मोठ्या घमेल्यात चिमूटभर साखर? काय म्हणतीन लोक!"

दुसऱ्या दिवशी तिनं न्यू जर्सीहून आणलेलं बेसन काढलं आणि मला पानं आणायला पिटाळलं. घरामागच्या ओढ्याकाठी छत्रीएवढी अळूची पानं वाढलेली होती. केवढी पानं! मी धन्य झालो. एका पानात तीन वड्या. प्रमिलानं घमेलं शिगोशीग भरून पाठवलं आणि आम्ही उरलेल्या वड्या तोंडात टाकल्या.

घशात सुया. ती पानं जंगली होती. ती तिथे डुकरंसुद्धा हुंगून सोडून देतात, हे नंतर कळलं. समोर पाहिलं तर तावितासकट सगळं घर माना खाजवत, पाण्याचे तांबे रिचवत होतं. तरी सिना आमच्याकडे बघून हात हलवत होती आणि दुसऱ्या हातानं घसा चोळत होती.

"आता तोंड कसं दाखवू?" प्रमिला म्हणाली.

दाखवावं लागलं नाही. संध्याकाळी घमेलं परत आलं. आत दोन भाजलेले मासे.

इथे शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण प्रमिलाला आता खाजरी वडी पुसून काढायची होती. रव्याचे लाडू गेले. कोंबडी आली. शंकरपाळे गेले, चांगले टोपलंभर. केळ्यांचा अख्खा घड आला. मी म्हटलं, "घडाच्या बदल्यात काही नको, घड काही भांडं नाही." ती म्हणाली, "घडासोबत घमेलं आलं ना?" घमेलं खरंच आलं होतं, घडाखाली.

त्या बेटावर डबाबंद बीफला सोन्याचं मोल आहे. लग्न असो, मयत असो, त्याची खोकी देतात. एका सकाळी असं एक अख्खं खोकं आमच्या पायरीवर उभं. आम्ही दोघंही ते न खाणारे.

"हेच खोकं घमेल्यात ठेवून परत करू," मी सुचवलं.

"त्यांनी दिलेलं त्यांनाच? शरम नाही वाटत तुम्हाला?"

साइटवरचा माझा मुकादम योआने, पन्नाशीचा, कमी बोलणारा, प्रत्येक वाक्याला 'बॉस' लावून मला ओशाळवणारा माणूस. त्याला मी हे खोकं दिलं आणि हसत हसत घमेल्याची कथा सांगितली. तो हसला नाही.

"बॉस, ते आणतात तेव्हा तुम्ही कधी परत देता?"

"दुसऱ्या दिवशी. कधीकधी त्याच दिवशी."

"हं," तो म्हणाला आणि व्हॉल्व्हचा नट आवळायला लागला. मला वाटलं, त्याला आमच्या तत्परतेचं कौतुक वाटलं.

करवतकाठी

एव्हाना चार महिने झाले होते आणि बायका मैत्रिणी झाल्या होत्या. सिनाकडूनच प्रमिलाला कळलं की तावितापुढे एक मोठं काम उभं आहे. त्यांच्या कुळाचा म्हातारा प्रमुख वारला होता. अशा प्रमुखाला मताई म्हणतात. आपल्या पाटीलकीसारखं, पण बापाकडून मुलाला आपोआप जात नाही. सगळं कूळ बसून ठरवतं. दोन वर्षं भांडून त्यांनी तावितावर बोट ठेवलं होतं. ज्याच्यावर बोट पडलं नाही तो चुलतभाऊ गावातच होता. मताईपदाची पदवी द्यायच्या दिवशी दुसऱ्या गावांचे मताई येणार, त्यांच्यापुढे ताविताच्या बाजूनं डुकरं-कापडांचा साजेसा मान ठेवला गेला नाही, तर हा चुलतभाऊ एक शब्दही बोलणार नव्हता. नुसता बघणार होता. सिनाला त्या बघण्याची धास्ती होती.

"बिचारी रात्रंदिवस खपून राहिली," प्रमिला म्हणाली, "आणि वरून आपल्याला खाऊ घालते." मग पेटीतून तिनं तिची टसरची करवतकाठी साडी काढली. भंडाऱ्याकडची, हातमागाची, काठावर करवतीच्या दातांची नक्षी. आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला घेतलेली. ती घमेल्यात घडी घालून ठेवली आणि स्वतः नेऊन दिली.

मी म्हटलं, "बरं केलंस. आता मिटलं."

खरंच, आठवडाभर घमेलं आलं नाही. मला विजयी वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

मग रविवारी चर्च सुटल्यावर ताविता आणि सिना दोघंही पांढऱ्या कपड्यांत आले. ताविताच्या हातात एक गुंडाळी. त्यानं उभ्या उभ्या सामोअनमध्ये चांगलं दहा मिनिटं भाषण केलं, मध्येच आमच्या पूर्वजांना नमस्कार घातला, निदान मला तसं वाटलं, आणि गुंडाळी प्रमिलाच्या हातात दिली. चटई होती. केवड्याच्या जातीच्या पानांची, पण इतकी बारीक विणलेली की धोतरासारखी घडी पडावी. काठाला लाल पिसं.

पाहुण्यांनी आणलेली वस्तू त्यांच्यासमोर लगेच वापरली की त्यांना बरं वाटतं, हे माझ्यावर लहानपणापासून बिंबलेलं. मी उत्साहानं चटई हॉलमध्ये अंथरली. "बसा, बसा! आपल्याच चटईवर बसा!"

ताविता सिनाकडे बघायला लागला. सिना चटईकडे. मी हात धरून दोघांना बसवलं. ताविता अगदी कडेला, तापल्या तव्यावर बसावं तसा टेकला. प्रमिलानं चहा आणला. मी नागपूरच्या उन्हाळ्यात आम्ही अंगणात चटया टाकून कसे झोपायचो हे हातवारे करून सांगत होतो आणि त्यातल्याच एका हातवाऱ्यात माझा चहा सांडला. चटईच्या कोपऱ्यावर, तळहाताएवढा डाग.

"जाऊ द्या, चटईच आहे!" मीच त्यांना धीर दिला.

सिना हसली. त्या हसण्याला तिला किती जोर लावावा लागला असेल, हे मला सहा दिवसांनी कळलं.

"आधी पपई उचला"

शनिवारी योआने ड्रॉइंग घेऊन आला तेव्हा मी त्याच चटईवर मांडी घालून पपई कापत होतो. तो उंबऱ्यापाशीच थिजला.

"बॉस, उठा."

"का? विंचू आहे?"

"हळू उठा. आधी पपई उचला."

मी पपईसकट उठलो. प्रमिला स्वयंपाकघरातून बाहेर आली. योआनेनं चप्पल काढली, गुडघ्यांवर बसून चटई गुंडाळली, तान्ह्या मुलाला उचलावं तशी उचलली आणि टेबलावर ठेवली. मग बोलला. एवढं सलग त्याला मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

त्या चटईला इए तोंगा म्हणतात. तिच्यावर कुणी बसत नाही. ती गादीखाली जपून ठेवतात आणि लग्नात, मयतीत, पदवीच्या दिवशी बाहेर काढतात. ही सिनाच्या आईनं विणली होती. सव्वा वर्ष लागलं. आई आता नाही. येत्या पंधरवड्यात ताविताच्या पदवीला पाहुण्यांसमोर सगळ्यात आधी हीच उलगडायची होती.

"मग आम्हाला कशी दिली?" मी म्हणालो.

"तुम्ही सिनाला काय दिलंत?"

"साडी," प्रमिला म्हणाली.

"कुणी विणलेली?"

"हातमागावर. विणकरानं."

"हाताचं विणलेलं दिलंत. मग ती काय मासे पाठवून गप्प बसेल?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बॉस, आमच्याकडेही घेतलं की देतात. पण कधीतरी. सवडीनं. वर्षानं, मुलाच्या लग्नात. तुम्ही दुसऱ्या दिवशी देता. सगळं गाव बघतंय, भिंती नाहीत. चार महिने ती बाई तुमच्या मागे धावतेय. दोन डुकरं पदवीसाठी ठेवली होती. त्यातलं एक विकून तुमचं ते डब्यांचं खोकं आणलं."

मी ते खोकं योआनेला देऊन टाकलं होतं. तो खाली बघायला लागला. मीही.

प्रमिला टेबलावरच्या गुंडाळीपाशी गेली. "तिच्या आईची वस्तू," ती म्हणाली. "आणि आपण वर चहा सांडला." मग ओलं फडकं घेऊन डागाकडे वळली, तसा योआने ओरडला, "पाणी नको!"

"आत्ताच्या आत्ता परत नेऊन देतो," मी म्हणालो.

"परत?" योआनेचा चेहरा असा झाला की मीच दचकलो. "चुलतभावाला तेवढंच हवंय. ताविताची चटई इंजिनियरलासुद्धा नको झाली, असं तो चर्चच्या पायरीवर सांगेल. त्यापेक्षा जाळून टाका."

"मग करू काय?"

"पदवीच्या दिवशी त्याच्या बाजूचे लोक आपापली चटई घेऊन येतात. तुम्ही ही आणा."

"पण आम्ही कुठे त्याच्या बाजूचे?"

योआनेनं दारात चप्पल पायात सरकवली. "चार महिने कुणाच्या घरचं खाताय?" तो म्हणाला आणि ड्रॉइंग न दाखवताच गेला.

पदवी

पुढचे पंधरा दिवस चटई आमच्या गादीखाली होती आणि मी तिच्यावर प्रेतासारखा ताठ झोपत होतो. समोरून घमेलं आलं नाही. सिना हात हलवायची, पण उरलेल्या डुकराला खायला घालताना तिची पाठ आमच्याकडे असायची.

त्या दिवशी गावच्या मोठ्या लंबगोल घरात खांबाखांबाशी एकेक मताई पाठ टेकून बसलेला. ताविता उघड्या अंगानं, गळ्यात लाल बियांची माळ, टगबोटीवर कधी दिसला नव्हता इतका लहान दिसत होता. मला मागच्या ओळीत जागा मिळाली. मांडी घालून बसायचं म्हटल्यावर मी मनात म्हटलं, इथे तरी आपला हात कुणी धरणार नाही! पंधरा वर्षं सोफ्यावर बसलेल्या माणसाची ही घमेंड वीस मिनिटं टिकली. भाषणं तीन तास चालली. माझे पाय आधी दुखले, मग जळले, मग माझे राहिले नाहीत. शेवटी मी ते हळूच लांब केले. मताईंच्या दिशेनं तळवे! शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं भाषणावरची नजर न हलवता आपल्या खांद्यावरची लुंगी काढली आणि माझ्या पायांवर फेकली. पाय झाकले की चालतं. आमच्याकडेही पाय पसरल्यावर आजी रागवायची, पण अशी सोय तिनं काढली नव्हती.

मग चटया. हे काम बायकांचं. बाजूची एकेक बाई आपली चटई दोन हातांनी उलगडून अंगणातून चालत येते आणि बसलेले लोक मोठ्यानं कौतुक पुकारतात. सिनाची बहीण आली, नणंद आली. तिसऱ्या-चौथ्या चटईनंतर रांग संपली. ओळीच्या टोकाला चुलतभाऊ बसला होता. सांगितल्याप्रमाणे तो काही बोलत नव्हता. बघत होता. ताविता जमिनीकडे.

आणि तेवढ्यात आंब्याच्या झाडाआडून प्रमिला आली.

नऊवारी नेसून आली होती. का, ते मला आजही सांगत नाही. चटई पूर्ण उलगडलेली, लाल पिसं वाऱ्यावर. चालताना तिचा उजवा हात चटईच्या कोपऱ्यावर असा घट्ट मिटलेला की बोटं पांढरी पडली होती. डाग त्या मुठीत होता. मी माझ्या जागेवरून तिला "थोडं खाली, थोडं खाली" अशा खुणा करत होतो आणि दोन मताई त्या खुणा सामोअन समजून गंभीरपणे मान डोलवत होते.

पाहुण्यांच्या वक्त्यानं चटई ओळखली. अशा चटईला माणसासारखं नाव असतं, आणि ही कुणाच्या हातची ते जाणत्यांना माहीत असतं. त्यानं सिनाच्या आईचं नाव घेतलं. मग चटई कुणी आणली म्हणून विचारलं. ताविताच्या बाजूच्या वक्त्यानं काठीवर हात ठेवून उत्तर दिलं, त्यातला 'इंडिया' एवढा एकच शब्द मला कळला. सगळं घर ओरडलं. तावितानं मान वर केली. मी चुलतभावाकडे पाहिलं. तो प्रमिलाच्या नऊवारीकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात आता नुसती उत्सुकता उरली होती. पायात जीव असता तर मी उठून नाचलो असतो.

ताविताला पदवी मिळाली.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मला कुणी तयार केलं नव्हतं. मान पाहुण्यांना वाटायला सुरुवात झाली. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, डुकराचे भाग, कापडं, चटया, सगळं नाव पुकारून देऊन टाकायचं. सिनाच्या आईची चटई पलीकडच्या गावच्या त्या पाहुण्या वक्त्याला गेली. पंधरा दिवस जिच्यावर मी श्वास रोखून झोपलो, ती वीस मिनिटांत गुंडाळून एका पिकअप ट्रकमध्ये! मी योआनेला कोपरानं ढोसलं. "अरे, गेली ती!"

"जाणारच," तो म्हणाला. "ठेवायची असती तर दाखवली कशाला असती?"

तेवढ्यात प्रमिला माझ्यामागे येऊन कुजबुजली, "अहो, माझी करवतकाठी चालली!"

दोन बायकांनी साडी टोकाटोकाला धरून अंगणभर उलगडली होती. टसरचा तो मधाचा रंग उन्हात काय दिसला! वक्त्याच्या बायकोनं ती खांद्यावर घेतली. सिना लांबून प्रमिलाला शोधत होती. नजरानजर झाली तेव्हा तिनं साडीकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. बघितलंस, कुठवर गेली तुझी साडी! असं काहीतरी. प्रमिलाचे डोळे भरले होते, पण ती हसली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत दोघी बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी

सकाळी पायरीवर हिरवं घमेलं होतं. आत पदवीच्या जेवणातलं उरलेलं मांस, दोन नीरफणस, आणि अळूच्या पुरचुंड्या.

आम्ही दुपारी खाल्लं. प्रमिलानं घमेलं घासलं, पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. मी पेपरमागून बघत होतो. तिनं वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढला. परत ठेवला. बेसनाचं झाकण उघडून आत पाहिलं. लावून टाकलं.

मग तिनं घमेलं उचललं.

"रिकामं?" मी विचारलं.

"गप बसा," ती म्हणाली.

भर उन्हात रस्ता ओलांडताना तिनं ते पदराआड धरलं होतं, समोरच्यांना नव्हे, अकोल्याच्या माहेराला दिसेल म्हणून बहुधा. मी खिडकीशी गेलो. तिकडे सिना नारळ खवत बसली होती. प्रमिलानं घमेलं दोन्ही हातांनी पुढे केलं, मान खाली. सिनानं आत पाहिलं. घमेलं बाजूला ठेवलं. काहीतरी बोलली, स्वतः थोडी सरकली आणि नारळाची एक अर्धी वाटी प्रमिलाच्या हातात दिली.

दोन तासांनी प्रमिला परत आली तेव्हा तिच्या केसांत खोबऱ्याचा कीस होता.

"काय म्हणाली?"

"काही नाही." तिनं बोटं मला दाखवली. दोन ठिकाणी सोललेली. "म्हणे, हळू खवतेस. उद्या लवकर ये."